बोट सुटली का?
मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावरील जनजीवन

मेक्सिको म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडुंग, रुंद काठाची टोपी आणि रखरखीत माळरान उभे राहते. परंतु त्याच देशाच्या अगदी पूर्व टोकाला, युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगत, कॅरिबियन समुद्रात एक चिमुकले हिरवे बेट आहे. त्याचे नाव इस्ला मुहेरेस, म्हणजे 'स्त्रियांचे बेट'. हे नाव ऐकून नवनाथांच्या कथेतील मच्छिंद्रनाथांचे स्त्रीराज्य कोणाला आठवेल. पण येथे तसे काही नाही. प्राचीन माया लोकांची इश्चेल नावाची एक देवता होती. चंद्र, विणकाम आणि बाळंतपण ही तिची क्षेत्रे. तिचे एक लहानसे देवालय बेटाच्या दक्षिण टोकावरील कड्यावर होते. १५१७ साली फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा याच्या गलबतांवरून स्पॅनिश लोक या किनाऱ्याला आले, तेव्हा त्यांना येथे स्त्रीदेवतांच्या मूर्ती दिसल्या आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. देवालयाचे जे अवशेष उरले होते, त्यांचीही १९८८ च्या गिल्बर्ट वादळाने बरीच पडझड केली.

बेटाची लांबी सुमारे सात किलोमीटर. रुंदी बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरही भरत नाही. २०१० च्या जनगणनेत येथील वस्ती बारा हजारांहून थोडी अधिक होती. आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढाच हा पसारा. मात्र या खेड्याच्या चारी बाजूंना पाणी आहे, आणि त्यामुळे रोजच्या संसाराचे सारे गणितच बदलून जाते.

सारे काही समुद्रापलीकडून

समोरच्या किनाऱ्यावरून प्रवासी बोटीने बेटावर यायला साधारण वीस मिनिटे लागतात. मोटारी आणि मालाच्या गाड्या वाहून आणणारी मोठी बोट निराळी. दूध, पीठ, भाजी, स्वयंपाकाचा गॅस, घराचे सिमेंट, मुलांच्या वह्या, सारे काही त्या बोटीच्या पोटातून यायचे. पिण्याचे पाणीसुद्धा बेटाचे स्वतःचे नाही. युकातानची भूमी चुनखडीची. पावसाचे पाणी पडताक्षणी जमिनीत मुरते आणि पृष्ठभागावर नदी म्हणून वाहतच नाही. त्यातून हे तर बेट. म्हणून समुद्रतळावरून टाकलेल्या नळाने मुख्य भूमीवरचे पाणी येथे आणलेले आहे.

अशा ठिकाणी बंदराची बातमी हीच गावाची पहिली बातमी असणार. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वाऱ्याचे झोत येतात. त्यांना तेथे 'नोर्ते' म्हणतात. असा वारा सुटला की बंदराचे अधिकारी लहान होड्यांना समुद्रात जाण्याची बंदी करतात. त्या दिवशी मासेमाराची कमाई बुडते, पाहुण्यांना पोवळ्यांचे खडक दाखवणाऱ्या नावाड्याचीही बुडते. शहरात राहणारा माणूस सकाळी उठून वर्तमानपत्रातले राजकारण वाचतो, बेटावरचा माणूस आधी आकाशाकडे पाहतो आणि विचारतो, "आज बोट सुटली का?"

या प्रश्नाचे अत्यंत भीषण उत्तर २००५ च्या ऑक्टोबरात मिळाले. विल्मा नावाचे चक्रीवादळ या भागावर येऊन जवळजवळ थबकलेच. त्या वेळी इस्ला मुहेरेस येथे चोवीस तासांत १,६३४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पश्चिम गोलार्धातील हा उच्चांक होय. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवसाच्या आठवणीने आजही कित्येक मराठी घरांत अंगावर काटा उभा राहतो. त्याच्या पावणेदोनपट पाणी या एवढ्याशा बेटावर कोसळले, आणि पळून जायला चहूंकडे समुद्राखेरीज काही नव्हते!

निर्वासितांचे गाव, गव्हाळ मुलीची कथा

आजचे गाव वसले ते संकटातून. १८४७ साली युकातानमध्ये माया लोकांनी गोऱ्या जमीनदारांविरुद्ध मोठे बंड पुकारले. त्या दीर्घ युद्धात जीव वाचवण्यासाठी किनाऱ्यावरची काही कुटुंबे होड्यांतून या बेटावर आली. १८५० साली त्यांच्या वस्तीला गावाचा दर्जा मिळाला. नारळी, मासे आणि मीठ यांवर गुजराण करणारे ते कोळ्यांचे गाव होते.

त्याच काळात फेर्मिन मुंदाका नावाचा एक गुलामांचा व्यापारी येथे येऊन राहिला. त्याने मोठी वाडी केली, विहिरी बांधल्या, कमानी उभारल्या. लोक सांगतात की, बेटावरील एका तरुणीवर त्याचे मन जडले होते. तिला सारे 'ला त्रिगेन्या' म्हणत. आपल्या भाषेत सांगायचे तर 'गव्हाळ वर्णाची'. तिने मात्र आपल्या बरोबरीच्या तरुणाशी लग्न केले. मुंदाकाने गावच्या स्मशानभूमीत स्वतःसाठी थडगे खोदून घेतले आणि वर कवटी व हाडे कोरून ठेवली; पण मरण आले ते दूर मेरिदा शहरात, आणि थडगे रिकामेच राहिले. माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्याला एका गरिबाघरच्या मुलीचा होकार मात्र विकत घेता आला नाही, एवढा बोध गावाने त्या रिकाम्या थडग्यावरून घेतलेला दिसतो.

त्या स्मशानभूमीत दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत दिवे लागतात. माया भाषेत या सणाला 'हानाल पिशान', म्हणजे 'आत्म्यांचे भोजन' म्हणतात. मक्याच्या पिठात कोंबडीचे मांस भरून, केळीच्या पानात गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेले पक्वान्न मृतांसाठी मांडायचे. आधी बालकांच्या आत्म्यांसाठी, मग थोरांसाठी. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वयंपाकघरातही अशा ओळखीच्या खुणा सापडतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या पातळ पोळ्या करतात. माशाला शेंदरीच्या बियांचा तांबडा मसाला आणि आंबट संत्र्याचा रस चोळून तो निखाऱ्यांवर भाजतात. त्याला 'टिकिन शिक' म्हणतात. आणि जो चिकू आपण आज घरचाच समजतो, तो वृक्ष मुळात युकातान व मध्य अमेरिकेच्या जंगलातला. त्याच्या चिकातूनच पूर्वी चघळायचा डिंक बनत असे.

मारणारे हात राखणारे झाले

या बेटाची खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे ती समुद्राशी बदललेल्या नात्याची. उन्हाळ्यात अंडी घालायला वाळूवर येणारी कासवे पूर्वी कोळ्यांचे उत्पन्न होती. मादीला उताणी केली की ती हलू शकत नाही. सकाळी होडीत घालायची. पुढे कासवे विरळ होऊ लागली. १९९० साली मेक्सिकोने कासवांच्या शिकारीवर संपूर्ण बंदी घातली. आज बेटावरील कासव-केंद्रात अंडी सुरक्षित कुंपणात पुरून ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की शाळेतली मुले ती समुद्रात सोडतात. कोकणात वेळासला आणि गोव्यात मोरजी, गालजीबाग येथे हेच दृश्य आपणही पाहतो.

शेवंडीचेही तसेच. मार्च ते जून हे चार महिने ती पकडायला बंदी असते. जुलैच्या पहिल्या दिवसापासून हंगाम सुरू होतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या आपल्या कोळ्याला हा संयम नवा नाही.

जून ते सप्टेंबर या काळात बेटाच्या ईशान्येस व्हेल शार्क जमतात. हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण सूक्ष्म जीव आणि माशांची अंडी गाळून खाणारा, स्वभावाने निरुपद्रवी. २००९ च्या ऑगस्टमध्ये संशोधकांनी एकाच जागी चारशेवर मासे मोजले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर याच माशाची एके काळी कत्तल होत असे. २००१ साली भारताने त्याला कायद्याचे संरक्षण दिले आणि गुजरातच्या कोळ्यांनी त्याला 'व्हाली' म्हणून माहेरवाशिणीचा मान दिला. बडोद्याच्या वाचकांना ते स्मरत असेल.

पाण्याखालचे संग्रहालय ही तर येथली अपूर्व गोष्ट. पोवळ्यांच्या खडकांवर पाणबुड्या प्रवाशांची गर्दी वाढून नुकसान होऊ लागले. तेव्हा जेसन डिकेअर्स टेलर या इंग्रज शिल्पकाराने स्थानिक स्त्री-पुरुष-मुलांच्या देहांचे साचे घेऊन सिमेंटचे शेकडो पुतळे घडवले आणि ते समुद्रतळावर मांडले. २०१० साली ते पाहण्यास खुले झाले. प्रवासी तिकडे वळले, खडकांना उसंत मिळाली, आणि पुतळ्यांवरही पोवळी धरू लागली.

सुखाची किंमत

१९७० पर्यंत समोरचे कानकुन म्हणजे जवळजवळ निर्जन असा वाळूचा पट्टा होता. सरकारने तेथे पर्यटननगरी वसवली, १९७४ साली किंताना रू हे स्वतंत्र राज्य झाले, आणि कोळ्यांच्या या गावाचा कायापालट झाला. अरुंद रस्त्यांवर आता गोल्फच्या मैदानावर चालतात तशा लहान गाड्या भाड्याने फिरतात. हाताला काम मिळाले, मुले शिकली, हे खरे. परंतु जागांचे भाव चढले. नव्या संसारांना मुख्य भूमीवरच्या वस्तीत घर शोधावे लागते आणि हॉटेलांत काम करणारे कितीतरी जण रोज बोटीने येऊन-जाऊन करतात. पुढे 'सार्गासो' नावाचे तपकिरी शेवाळ समुद्रातून लोटू लागले. काही वर्षी पूर्व किनाऱ्यावर त्याचे ढीग कुजतात आणि ते उपसणे हेच एक मोठे काम होऊन बसते. २०२० साली महामारीने पाहुणे थांबले, तेव्हा परक्यांच्या पैशावर उभारलेला संसार किती हलका असतो, हे बेटाने अनुभवले. गोव्यातील आपल्या बांधवांना हा अनुभव परका नाही.

तरी हे गाव खचणारे नव्हे. युद्धातून पळून येऊन ते वसले, वादळांनी मोडले तरी पुन्हा उभे राहिले. कासव मारणे सोडून ते कासव राखायला शिकले. आता त्याच्यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्या पाहुण्यांवर पोट चालते, त्यांनाच सारे घर देऊन टाकायचे, की आपल्या मुलांसाठी एक खोली राखायची? वाळूवरून समुद्राकडे गेलेल्या कासविणी मोठ्या झाल्यावर आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे परततात. बेटावरील माणसांच्या लेकरांनाही तसे परतता यावे, एवढी जागा तेथे उरली पाहिजे.