आमच्या डोंगरांतील बेहडा

मुलांना संस्कृत शिकविण्यांत आमचें सारें आयुष्य गेलें. सेवानिवृत्त होऊन कोंकणांतील मूळ घरीं राहावयास आलों, तेव्हां अमरकोशांतील वनौषधिवर्ग आपणांस मुखोद्गत आहे याचा आम्हांस मोठा अभिमान होता. त्या वर्गांत बेहड्याला ‘भूतावास’ आणि ‘कलिद्रुम’ अशीं नांवें दिलेलीं आहेत. नळराजाच्या देहांतून बाहेर पडलेला कलि बेहड्यांत शिरला व तेव्हांपासून तो वृक्ष अप्रशस्त ठरला, अशी महाभारतांतील कथा आहे. त्यामुळें ‘भूतावास’ म्हणजे पिशाचांचें घर, असेंच आम्ही वर्गांत सांगत आलों. त्या अर्थांतील उणीव आम्हांस एका पांखरानें दाखविली. ती हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहों.

घरामागील डोंगर आमच्या चुलत घराण्यांच्या सामाईक मालकीचा. सातबाऱ्यावर एकोणीस नांवें. त्यांतील बहुतेक मंडळी मुंबई-पुण्यास. २०२३ सालीं घराचे वाशे बदलावयाचे होते, पुतणीच्या शिक्षणाची फी भरावयाची होती, आणि अशा वेळीं एका लाकूड-ठेकेदारानें अर्ध्या डोंगराचे उक्ते पैसे देऊं केले. सर्वांनीं संमति दिली. त्या कागदावर आमचीही सही होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पुढील फाल्गुनांत तोड सुरू झाली. पऱ्ह्याकडेचा जुना बेहडा आडवा झाला, तेव्हां त्याच्या ढोलींतून धनेशाची मादी बाहेर पडली. या पक्ष्याची रीत विलक्षण आहे. विणीच्या वेळीं मादी ढोलींत शिरून विष्ठा, माती वगैरेंनीं तोंड लिंपून घेते; चोंच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आंत असतांना तिच्या पंखांचीं व शेपटीचीं पिसें झडतात, म्हणून तिला उडतां येत नाहीं. सुमारें तीन-चार महिने नर वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें आणून तिला व पिलांना भरवितो. अशी ती बंदिवासांतील बाळंतीण उघड्यावर आली. अंडीं फुटलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मादीही मेली.

नर मात्र पुढें पांच दिवस चोंचींत फळें घेऊन येई, जेथें झाड होतें त्या मोकळ्या जागेवर दोन घिरट्या घाली आणि निघून जाई. आमच्या वहिनींनीं तें मागील पडवींतून पाहिलें. त्या एवढेंच म्हणाल्या, “भावजी, भुताचें कसलें झाड तें! त्यांचें बिऱ्हाड होतें हो तें.”

संस्कृतांत ‘भूत’ म्हणजे जीवमात्र, हा अर्थही आम्हांस पाठ होता. परंतु तो कळला त्या दिवशीं.

उरलेल्या अर्ध्या डोंगराचा प्रश्न गणपतीस सर्व मंडळी जमली असतांना आम्हीं काढला. एक पुतण्या म्हणाला, “काका, भावना ठीक आहे, पण वाशांचे पैसे पांखरें देणार काय?” प्रश्न रास्त होता, त्याला उत्तर हिशेबानेंच देणें प्राप्त होतें. बेहड्याचें लाकूड टिकाऊ नसल्यानें तें बहुधा भट्टींतच जातें; पण त्याचें फळ त्रिफळेंतील एक असून औषधांसाठीं त्याला नेहमी मागणी असते. झाड एकदांच विकतां येतें, फळ दरवर्षीं. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें संगमेश्वराकडे जमीनमालकांशीं करार करून रानें राखविलीं आहेत, आणि सह्याद्रींतील हिरडा-बेहडा जपून गोळा करण्यास ‘फेअरवाइल्ड’ हें प्रमाणपत्रही मिळविलें आहे. अखेर पांच वर्षें तोड करूं नये असें ठरलें. सतरा सह्या झाल्या. दोन अद्यापि व्हावयाच्या आहेत.

कोणी म्हणेल, हें काम सरकारचें. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी वन फारच थोडें. बहुतेक रान तुमच्या-आमच्यासारख्यांच्या मालकीचें आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें धनेशाला संरक्षण दिलें. २००२ च्या दुरुस्तीनें खाजगी जमीनही मालकांच्या इच्छेनें ‘समुदाय राखीव’ करण्याची सोय झाली. तरी ढोली असलेला वृक्ष राहणार कीं जाणार, हें शेवटीं मालकाच्या सहीवरच ठरतें.

करावयाचें तें फारसें अवघड नाहीं. जुनीं, पोकळ झाडें निरुपयोगी समजूं नयेत, वड-उंबर राखावे, शिमग्यापूर्वीं हद्दीवरील गवत काढून वणव्याची वाट तोडावी, विणीच्या दिवसांत घरट्यापाशीं गर्दी करूं नये. आमचा दहा वर्षांचा नातू रोज तिथीवार लिहून कोणतें पांखरूं कोणत्या झाडावर आलें याची वही ठेवतो. शाळेंत आम्हीं घालून दिलेल्या कित्तयांपेक्षां ही वही आम्हांस अधिक मोलाची वाटते.

यंदा माघांत धनेशाचें एक जोडपें आलें, उरलेल्या बेहड्याची ढोली दोन दिवस न्याहाळून गेलें, राहिलें नाहीं. आम्ही वाट पाहत आहों.

वाचकहो, आपल्याही सातबाऱ्यावर असा एखादा न पाहिलेला डोंगर असेल. पुढील कागदावर सही करण्यापूर्वीं एकदां मुलांबाळांसह तेथें जावें, आणि तेथें कोण कोण बिऱ्हाड करून आहे तें आधीं पाहून यावें.