दोन बऱ्यांमधले शहर : पोर्ट ऑफ स्पेन

त्रिनिदाद बेटाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन पूर्ण जागी होण्याआधीच तेथील रस्त्यांच्या कडेला छोट्या गाड्यांभोवती माणसे गोळा झालेली असतात. कचेरीत निघालेला कारकून, गोदीतील हमाल, शाळेच्या गणवेशातील मुले आणि मोटारीतून उतरलेला वकील, सारे एकाच रांगेत उभे. विक्रेता चपळाईने कागदावर हळदीने पिवळ्या झालेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या पसरतो, त्यांवर रस्सेदार चणे घालतो, चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि मिरचीचे तिखट टाकून कागदाला पीळ देतो. अनेक ठिकाणी आधी खायचे आणि नंतर किती खाल्ले ते सांगून पैसे द्यायचे, अशी रीत आहे. हिशेबाची वही नसते. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा एकमेकांवरील विश्वास हीच वही.

या पदार्थाचे नाव ‘डबल्स’. नाव इंग्रजी, पण त्यातील पुरीला तेथे ‘बरा’ म्हणतात, आणि हा आपल्या ‘वड्या’चाच भोजपुरी सोयरा होय. चण्याला ‘चना’ आणि किसलेल्या कैरीच्या लोणच्याला ‘कुचेला’ म्हणतात. भारतापासून सातासमुद्रापलीकडे हे शब्द कसे पोहोचले, याचे उत्तर शोधताना या शहराचा सारा इतिहास उलगडत जातो.

१७५७ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरने आपला मुक्काम आतल्या सेंट जोसेफहून या बंदरात हलवला, तेव्हा येथे एक लहानसे गाव होते. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक वसाहतकारांना जमिनी देऊ केल्या. त्यामुळे फ्रेंच मळेवाले आले आणि त्यांच्यासोबत आफ्रिकेतून आणलेले गुलाम आले. १७९७ मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले. १८०८ च्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. पुढे गव्हर्नर राल्फ वुडफोर्ड यांच्या काळात त्याची नव्याने घडी बसली. आज शहराचे फुप्फुस मानले जाणारे सुमारे २६० एकरांचे ‘क्वीन्स पार्क सव्हाना’ हे मैदान मुळात उसाचा मळा होते. १८१७ मध्ये ते पेशिए कुटुंबाकडून विकत घेण्यात आले. या मैदानाच्या कडेला शहाळी सोलून देणारे विक्रेते उभे असतात, आणि समोर जुन्या धनिकांच्या प्रासादांची रांग दिसते. एका बाजूला साखरेच्या पैशाने उभे राहिलेले वैभव आणि दुसऱ्या बाजूला कोयत्याने शहाळे छाटणारा हात, असे हे दृश्य आहे.

१८३८ मध्ये गुलामगिरीचा पूर्ण अंत झाला. मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांना मळ्यांवर पूर्वीच्या अटींवर राबणे मान्य नव्हते. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते आणि त्यांची दृष्टी भारताकडे वळली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघून पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आले. त्यावर सुमारे सव्वादोनशे भारतीय होते. हे जहाज मुंबईच्या एका मुस्लिम व्यापाऱ्यासाठी बांधलेले होते, असे सांगितले जाते. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातील होते. करार पाच वर्षांचा असे आणि मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना लागे. किनाऱ्यालगतच्या नेल्सन बेटावर त्यांची तपासणी होई आणि तेथून त्यांना मळ्यांवर धाडले जाई. काही परतले, पण बहुतेक तेथेच स्थायिक झाले. १८६९ पासून काही वर्षे परतीच्या प्रवासाऐवजी जमीन देण्याची सवलत मिळाली, तेव्हा अनेकांनी ती पत्करली.

शहराच्या पश्चिमेला सेंट जेम्स नावाची वस्ती आहे. या भागातील रस्त्यांची नावे दिल्ली, पाटणा, कलकत्ता, बॉम्बे अशी आहेत. नोबेल पारितोषिक विजेते साहित्यिक व्ही. एस. नायपॉल यांचे बालपणातील घर येथेच नेपॉल स्ट्रीटवर आहे. रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या वेस्टर्न मेन रोडवर खाण्याच्या गाड्यांची रांग असते, आणि मोहरमच्या दिवसांत याच वस्तीतून ताबूत निघतात. त्यांना तेथे ‘होसे’ म्हणतात.

डबल्सचा जन्म मात्र शहरात झाला नाही. दक्षिणेकडील प्रिन्सेस टाऊन येथे १९३० च्या दशकात ‘मामू दीन’ या नावाने ओळखले जाणारे इमामूल दीन आणि त्यांची पत्नी रसूलन यांनी तो लोकप्रिय केला, असे मानले जाते. आधी कागदाच्या पुड्यांत तळलेले चणे विकले जात. पुढे रस्सेदार चणे बऱ्यावर ठेवून देण्यास सुरुवात झाली. गिऱ्हाइकांनी ‘दोन बरे द्या’ म्हणून आग्रह धरला आणि त्यातून नाव पडले, अशी कथा सांगतात. थोडे भांडवल, घरच्यांचे श्रम आणि गिऱ्हाइकाचे ऐकण्याची तयारी यांवर एका कुटुंबाने जे उभे केले, ते आज साऱ्या देशाचे खाणे झाले आहे. मांस नसल्याने हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच ते निःशंक मनाने खातात.

इतर पदार्थांतही ओळखीचे चेहरे भेटतात. अळूच्या पानांची ‘साहिना’ आपल्या अळूवडीची आठवण करून देते. ‘कुरमा’ म्हणजे साखरेचा पाक चढवलेली शंकरपाळी. डाळीचे सारण भरलेली ‘दालपुरी’ ही तर पुरणपोळीची खारी बहीणच म्हणावी. भाजलेल्या वांग्याला ते ‘चोखा’ म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या रास्ताफारी लोकांचे ‘आयटल’ अन्नही बहुधा शाकाहारी असते.

तरीही जैन प्रवाशाने सावध राहावे. चण्यात कांदा-लसूण बहुधा असतोच, ‘आलू पाय’मध्ये बटाटा असतो आणि दालपुरीच्या सारणातही लसूण असू शकतो. विचारल्याशिवाय खाऊ नये. विचारण्यात तेथे कोणी संकोच मानत नाही. शहाळ्याचे पाणी मात्र निर्धास्तपणे घेता येते. डबल्स सकाळीही मिळत असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना त्याची वेळही सोयीची आहे.

त्या पहिल्या जहाजातून उतरलेल्यांच्या पुढच्या पिढ्या आज पोर्ट ऑफ स्पेनमध्ये नांदत आहेत. घरातील भोजपुरी बोली बहुतांशी मागे पडली आणि शाळा, कचेरी, बाजार यांनी इंग्रजीला घरात आणले. तरीही ‘चना’, ‘बरा’, ‘रोटी’, ‘चोखा’ हे शब्द तगून राहिले. चूल पेटती राहिली आणि आजी नातवंडांना रांधायला शिकवत राहिली, म्हणून ते टिकले. १९६६ पासून दिवाळी ही त्या देशाची सार्वजनिक सुटी आहे आणि ३० मे हा भारतीय आगमन दिन म्हणून पाळला जातो.

आज आपल्याही अनेक कुटुंबांची मुले व्यापार आणि शिक्षणासाठी दूरदेशी स्थायिक होत आहेत. त्यांच्या तिसऱ्या पिढीच्या ओठांवर कोणते शब्द उरतील, हे आज सांगता येणार नाही. करारावर अंगठा उठवून गेलेल्या माणसांनी पेटी-पैका सोबत नेला नव्हता. त्यांनी नेली ती रांधण्याची रीत, आणि पावणेदोनशे वर्षांनीही पोर्ट ऑफ स्पेनच्या पहाटे ती कागदात बांधून हातात मिळते.