पोट्ट्याचं ध्यान अभ्यासात काऊन नसते?

अमरावती-अकोल्याकडच्या पालकसभेत गुरुजींच्या कानावर हमखास पडणारं वाक्य म्हणजे, "पोट्ट्याचं ध्यानच नाही अभ्यासात. द्या दोन ठेवून." पोरगं आळशी आहे, धाक बसला की सुधरेल, हा त्यामागचा समज.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची मांडणी वेगळी आहे. मनाला तीन गोष्टी लागतात: आपल्याला हे जमतंय, आपण इथल्या माणसांतले आहोत आणि आपलंही इथे काही चालतं, हे तिन्ही वाटणं. यातलं एखादं तुटलं की मूल अभ्यासातून अंग काढून घेतं आणि आपण त्याला आळस म्हणतो. तिसरीतली मुलगी मोठ्यानं वाचताना 'प्रश्न' या जोडाक्षरावर अडते, मागच्या बाकावर हसू फुटतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला तिचं पोट दुखतं. तिला दोन ठेवून दिल्यानं जोडाक्षर वाचता येणार आहे का? शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळावरही बंदी घातली आहे. सगळ्यांदेखत 'ढ' म्हणून हिणवणं हाही छळच.

मार नको तर बक्षीस द्या, हा दुसरा समज. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे कौतुकाचं वावडं नाही, सौद्याचं आहे. "पहिला नंबर आण, सायकल घेऊन देतो" हा सौदाच. "काल अडलेलं हातच्याचं गणित आज तू स्वतः सोडवलंस" हे कौतुक, आणि ते मुलाला आपल्याला काय जमलं ते दाखवतं.

सर्वांत मोठा अन्याय मला मेळघाटात दिसतो. धारणी-चिखलदऱ्याकडचं कोरकू आदिवासी लेकरू पहिलीत गप्प बसलं की त्याला शिकायची हौस नाही, असं ठरवून टाकतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. घरात एक भाषा आणि पुस्तकात अगदीच दुसरी, तर ते बोलेल काय? त्याच्या बोलीत गोष्ट सांगा, मग बघा. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020ही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं.

राहिला 'मुलांचं चालू दिलं तर ती डोक्यावर बसतील' हा समज. काही काळ अमरावतीत राहिलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पुढे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलं. 1926 साली दोघांच्या पुढाकारातून नूतन बालशिक्षण संघ ही संस्था उभी राहिली. त्यांच्या बालशिक्षणात मुलाला निवडीची मुभा होती, पण शिस्तही होती. आजच्या जिल्हा परिषद शाळेतही ते जमतं. पाचांतलं कोणतं गणित आधी, एकट्यानं की जोडीदारासोबत, बाकावर की चटईवर, एवढं मुलाला ठरवू द्यावं. गणितं पाचही सोडवायचीच असतात.