कढीपत्त्यावरचं जुनं भांडण

नाशिकमध्ये ज्याने कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावलंय, त्याला कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू शोधत हिंडावं लागत नाही. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी त्याची कोवळी अळी पानं कुरतडत असतेच. मला बरीच वर्षं नाद आहे तो त्याच्या मादीचा. नर एकाच वेषात वावरतो, मादीचे वेष मात्र तीन. एक नरासारखाच काळा-पांढरा, दुसरा कॉमन रोझची नक्कल, तिसरा क्रिमझन रोझची. ही दोन्ही रोझ फुलपाखरं विषारी, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. सोंग पकडायचं तर पंख सोडून धड बघावं. अस्सल रोझचं धड लाल, सोंगाडीचं काळं.

या साऱ्या एकाच जातीच्या माद्या, हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसने १८६५ साली मांडलं. मधला काळ गाळून थेट सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊ. तिथे फ्रायर या कीटकशास्त्रज्ञाने ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या पाळली, कुठल्या मादीच्या पोटी कसल्या लेकी येतात ते टिपलं आणि १९१३ साली छापलं. हिशेब मेंडेलच्या नियमांत बसला. त्यावरून आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेटने १९१५ साली पुस्तकच लिहिलं. त्याच्या मते हे सोंग एका उडीत आलं, नैसर्गिक निवडीने ते हळूहळू घडवलेलं नाही. १९२७ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने त्याला गाठलं. आज एका बटणाने दिवा लागतो, म्हणून सगळं वायरिंग एका क्षणात झालं असं ठरत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला तर्क फिशरचाच पटतो. केंब्रिजच्या ज्या अध्यासनावर पनेट होता, त्याच्यावर १९४३ साली फिशरच येऊन बसला!

बटण सापडायला २०१४ उजाडलं. पुण्यात शिकलेले, बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सारी किल्ली ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकात आहे. कीटकांत नर-मादी घडवणारं हे जुनं जनुक. अनेक जनुकांची जुडी असेल, असा आधीचा कयास होता. जनुक एकच निघालं, म्हणजे पनेट जिंकला? नाही. त्या एका जनुकात बदल पुष्कळ साठलेले होते. माझ्या लेखी फिशर उरतोच.

याच कुंट्यांनी २००० साली द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, तेही विद्यार्थी-शिक्षकांसाठीच्या मालिकेत. आणि शाळेत काय, तर २०२२ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली! बारावीला आहे म्हणे. पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्यांचं काय? राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८च्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा भाग २ मधला पहिलाच धडा.

तो शिकवताना शिक्षकांनी कॉमन मॉर्मनच्या एकाच मादीची अंडी पानांसकट बरणीत ठेवावीत, रोज ताजा कढीपत्ता घालावा. मुलगे सगळे एका छापाचे निघतील. लेकींचे वेष मुलांनाच मोजू द्यावेत.