बाराशे की एकवीसशे?

आज बीके विषाणूवर लिहायचं ठरलं होतं. पण सांगलीकडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि बीकेला आठवडाभर थांबवणं भाग पडलं. त्यांच्या धाकट्या भावाची किडनी बदलून पाच महिने झालेत. विषाणू रोखणाऱ्या व्हॅलगॅनसिक्लोविरच्या गोळ्या तिसऱ्या महिन्याअखेर बंद झाल्या आणि तेव्हापासून सीएमव्हीची, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसची तपासणी सुरू आहे. घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर दिलेल्या रक्ताचा आकडा आला १,२००. पुढच्या आठवड्यात मुंबईला फॉलोअपला गेले, तिथे आला २,१००. ‘आठवड्यात जवळजवळ दुप्पट झाला. मायकोफेनोलेटची गोळी अर्ध्यावर आणू का?’ असं त्यांनी विचारलंय. सोबत दोन्ही रिपोर्टांचे फोटो जोडलेत.

गोळीचं आधी सांगून टाकतो. परस्पर काहीही कमी करू नका. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून ती गोळी आहे. ती कमी करायची वेळ येतेही, पण तो निर्णय टॅक्रोलिमस या जोडीच्या औषधाची रक्तातली पातळी, क्रिएटिनीन आणि पेशंट असं सगळं समोर ठेवून किडनीच्या डॉक्टरांनी घ्यायचा.

आता फोटो. पहिल्या रिपोर्टवर नमुन्याच्या रकान्यात ‘होल ब्लड’ आहे आणि आकडा ‘कॉपीज प्रति मिलिलिटर’मध्ये. दुसऱ्यावर नमुना ‘प्लाझ्मा’ आणि एकक ‘आययू (इंटरनॅशनल युनिट) प्रति मिलिलिटर’. दोन्ही वेळी रक्त जांभळ्या टोपणाच्या त्याच ईडीटीए नळीत घेतलं असणार, पण पुढचा प्रवास वेगळा. सीएमव्ही पांढऱ्या पेशींमध्ये दडून राहतो. होल ब्लडमध्ये त्या पेशी मोजणीत येतात, प्लाझ्मा वेगळा काढला की त्या खाली राहतात. त्यामुळे एकाच माणसाचा होल ब्लडचा आकडा साधारणपणे प्लाझ्मापेक्षा मोठा येतो. कॉपीजचं आययूत रूपांतर करायचं तर प्रत्येक किटचा गुणक निराळा. तेव्हा बाराशे आणि एकवीसशे या दोन आकड्यांची वजाबाकी होत नाही, भागाकारही होत नाही. विषाणू वाढला असेल, तेवढाच असेल. या दोन कागदांवरून ते कोणालाच सांगता येणार नाही.

बरं, समजा दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये, एकाच प्रकारच्या नमुन्यावर झाल्या असत्या, तर? तरीही मी लगेच घाबरलो नसतो. हे आकडे पीसीआर तपासणीतून येतात आणि पीसीआरमध्ये प्रत्येक फेरीला डीएनए दुप्पट होतो. फेऱ्या होत राहतात, डीएनएसोबत वाढणारी चमक एका ठरावीक रेषेच्या वर कितव्या फेरीला गेली ते यंत्र टिपतं आणि त्यावरून मुळात किती विषाणू होता ते काढतं. दहापट विषाणू म्हणजे रेषा साधारण ३.३ फेऱ्या आधी ओलांडली जाणार. बाराशे आणि एकवीसशे यांच्यात तर एका फेरीचंही अंतर नाही. नमुन्यातून डीएनए काढताना थोडा कमी हाती लागला, पिपेटमधून थेंब इकडेतिकडे झाला, तरी एवढा फरक पडतो. म्हणून लॅबवाले लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या घातांत विचार करतात. १,२०० चा लॉग ३.०८, २,१०० चा ३.३२. फरक पाव लॉगचाही नाही. अर्धा लॉग, म्हणजे ढोबळमानाने तिप्पट फरक पडला, तरच ‘खरंच बदललं’ असं मानायची रीत आहे. आकडा हजाराच्या आतबाहेर असेल तर त्याहूनही सावध राहावं, कारण खालच्या टोकाला मोजणी आणखी डळमळते. आणि अडवणारं कोणी नसेल तर सीएमव्ही एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो. दोन दिवसांचा हिशोब धरला तरी आठवड्यात दहापटीच्या वर जातो. आठवड्याच्या अंतरानं रक्त घेतात ते यासाठीच. खरी चढण असेल तर ती पुढच्या नमुन्यात लपत नाही.

आता माझा आवडता विषय. २०१० पर्यंत सीएमव्हीसाठी सगळ्यांनी मान्य केलेलं मापच नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिका, कॅनडा आणि युरोपमधल्या ३३ लॅबना एकसारखे नमुने पाठवून तपासणी करून घेतल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच नमुन्याच्या निकालात शंभरपटीपासून हजारोपटींपर्यंत तफावत निघाली. वजनकाटा सगळ्यांकडे, पण किलोचं माप ज्याचं त्यानं घरी घडवलेलं. मग जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये प्रमाण ठरवलं. मर्लिन नावाचा वाण घेतला. जन्मजात संसर्ग झालेल्या एका बाळाच्या लघवीतून तो मिळालेला. तो वाढवून, गोठवून, वाळवून छोट्या कुप्यांत भरला आणि एका कुपीत ५० लाख आययू आहेत असं जाहीर केलं. आता किट बनवणाऱ्यांनी आपापला काटा या कुपीशी जुळवायचा.

तफावत कमी झाली, पण संपली नाही. माझ्या मते याचं कारण फार मजेशीर आहे. कुपीत अख्खा विषाणू आहे. पेशंटच्या प्लाझ्मात मात्र बहुतेक वेळा सीएमव्हीच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात, तेही बारीक. जे किट डीएनएचा लांब पट्टा शोधतं त्याच्या हातून हे तुकडे निसटतात. आखूड पट्टा शोधणारं किट ते पकडतं आणि त्याचा आकडा मोठा येतो. दोन्ही किटं कुपीशी प्रामाणिक, तरी पेशंटच्या रक्तावर एकमत नाही. रिपोर्टवर आययू छापलेलं पाहून आता सगळं एक झालं असं समजणारे डॉक्टरही भेटतात. तसं ते झालेलं नाही.

याच पत्रात शेवटी आणखी एक शंका आहे. आधीच्या महिन्यात ‘विषाणू आढळला, पण मोजण्याच्या मर्यादेखाली’ असा रिपोर्ट होता आणि घरात रात्रभर कोणी झोपलं नाही. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना लहानपणीच सीएमव्ही होऊन गेलेला असतो आणि तो शरीरात कायमचा मुक्काम करतो. दाबलेल्या प्रतिकारशक्तीत अधूनमधून असा निसटता मागमूस लागतो आणि पुष्कळदा आपोआप जातो. ताप नाही, जुलाब नाहीत, पांढऱ्या पेशी घसरलेल्या नाहीत, तर बहुधा पुढचा नमुना वेळेवर देणं एवढंच काम उरतं. यातलं एखादं लक्षण असेल तर मात्र आकडा कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

लॅबवाल्यांबद्दल एक तक्रार करतो. नमुना कोणता, किट कोणतं, लॉग किती आणि याच पेशंटचा मागचा निकाल काय, या चार गोष्टी रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक छापायला काहीच अडचण नाही. लॅबनं किट बदललं तर तेही पेशंटला आणि डॉक्टरांना कळवायला हवं. पेशंटला यातलं कुणी काही सांगत नाही.

सांगलीकरांनी आता असं करावं: मुंबईच्या डॉक्टरांना आजच फोन करून दोन्ही रिपोर्ट कळवावेत, आणि ते म्हणतील त्या दिवशी तिसरी तपासणी मुंबईच्याच लॅबमध्ये, प्लाझ्मावरच करावी. तिचा आकडा एकवीसशेच्या शेजारी ठेवायचा, बाराशे विसरायचा. दर वेळी मुंबई गाठणं जमत नसेल तर गावातून नमुना त्याच लॅबला जाईल अशी सोय होते का ते विचारून घ्या. बीके पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांच्या घरी प्रत्यारोपणाची फाईल आहे त्यांनी ती काढून नमुना आणि एककाचा रकाना एकदा तपासून ठेवावा.