ऑनलाइन गेममधले शत्रू बोलते कसे होतात?

माझा धाकटा भाऊ बारावीत आहे. मे महिन्यात एका रात्री जेवताना तो म्हणाला, "ताई, आम्ही ग्रुप बंद करतोय." आईला वाटलं, अभ्यासाचा ग्रुप असेल. तिने लगेच प्रश्नांची फैर झाडली. पण तो होता त्याचा रोल-प्लेचा ग्रुप.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोल-प्लेमध्ये प्रत्येक जण एक पात्र घेतो, त्या पात्राच्या तोंडून चॅटवर लिहितो किंवा बोलतो आणि सगळे मिळून एक गोष्ट पुढे नेतात. नाटकच, फक्त संहिता आधी लिहिलेली नसते. भावाच्या डिस्कॉर्डवरच्या ग्रुपमध्ये दोन राज्यं आहेत, नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं. इंदूर, नागपूर, बेळगाव, बंगळुरू अशी कुठकुठली तीसेक मुलं. दोन्ही राज्यांचं वैर हाच गोष्टीचा प्राण.

मग एका लढाईच्या निकालावरून भांडण झालं. पात्रांचं नाही, मुलांचं. पलीकडच्या एका मुलाच्या आवाजाची टिंगल झाली. दोन्ही बाजूंनी आपापले वेगळे चॅट उघडले आणि तीन आठवडे सामायिक चॅटवर कुणी एक ओळ लिहिली नाही. आता गंमत बघा, शत्रू उत्तरच देत नसेल तर लढायचं कुणाशी?

लोल म्हणजे केक

हा प्रश्न भावाच्या ग्रुपपेक्षा जुना आहे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम आला. त्यात अलायन्स आणि होर्ड असे दोन गट. खेळाडूने एक गट निवडायचा आणि दुसऱ्या गटाशी बोलायची सोयच नाही! समोरच्याने लिहिलेलं तुमच्या स्क्रीनवर अगम्य अक्षरं होऊन यायचं. होर्डच्या खेळाडूने हसून 'लोल' टाइप केलं की अलायन्सवाल्याला 'केक' दिसायचं. पुढे 'केक' हाच इंटरनेटवर हसण्याचा एक शब्द झाला.

पण माणसं गप्प थोडीच बसतात! शब्द बंद होते, हातवारे चालू होते. पात्राला हात हलवायला, वाकून नमस्कार करायला, नाचायला लावता येत होतं आणि ते शत्रूलाही दिसत होतं. जंगलात एकटा शत्रू भेटला की तलवार काढायच्या आधी काही जण हात हलवून बघायचे. समोरच्यानेही हलवला तर दोघं आपापल्या वाटेने जायचे.

मला त्यातली मासेमारीची स्पर्धा सगळ्यात आवडते. दर रविवारी एका किनाऱ्यावर दोन्ही गटांचे खेळाडू गळ टाकून बसत. ठरावीक जातीचे ४० मासे जो सर्वात आधी बूटी बे या बंदरात नेऊन देईल तो जिंकला. बूटी बे कुठल्याच गटाचं नाही, तिथे दोघांनाही मज्जाव नाही. वाटेत कुणी घात करायचाच, तो भाग वेगळा. पण दोन्हीकडच्यांना एकाच ठिकाणी यायला कारण तर मिळालं.

दुसरं उदाहरण जानेवारी २००६ चं. आन-किराज नावाच्या नगरीचं दार उघडायचं होतं. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर दोन्ही गटांनी सामान गोळा करायचं होतं. तांब्याच्या कांबी, चामडं, औषधी वनस्पती, शिजवलेलं अन्न, मलमपट्ट्या, अशी भलीमोठी यादी. दोन्ही बाजूंचा वाटा भरल्याशिवाय दार उघडणार नाही. म्हणजे समोरचा मागे पडला तर तोटा आपलाही. शिवाय तांब्याच्या कांबी नवखा खेळाडूही आणू शकत होता, त्यामुळे काम फक्त पट्टीच्या लढवय्यांचं उरलं नाही.

ट्रक आणि दोरखंड

हे का चालतं याचा एक जुना प्रयोग आहे. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात साधारण ११ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्या तशी शिवीगाळ, झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी असं सगळं सुरू झालं. मग सगळ्यांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. काय झालं? एकमेकांवर अन्न फेकलं. नुसतं शेजारी बसवून काही होत नाही, हे दोन भावंडांच्या आईला कुणी सांगायला नको.

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टींनी. शिबिराचं पाणी बंद पडलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला. जेवण आणणारा ट्रक अडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ओढला. तोही रस्सीखेचीच्याच दोरखंडाने! (या अडचणी मोठ्यांनी मुद्दाम घडवल्या होत्या आणि मुलांना आपल्यावर प्रयोग चाललाय हे माहीत नव्हतं. आज असं कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.)

वॉरक्राफ्टने भिंत खाली घ्यायला बराच वेळ लावला. २०२२ च्या मे अखेरीस दोन्ही गटांच्या खेळाडूंना एकाच टोळीत मोठ्या मोहिमांवर जाता येऊ लागलं. त्यातही सक्ती नव्हती. नको असेल तर नाही म्हणा. मोहिमेबाहेरच्या मोकळ्या जगात अलायन्स आणि होर्ड हे गट तसेच राहिले. मिश्र संघ करायची मुभा तर २०२३ मध्ये आली. मला हा सावकाशपणा पटतो. वैरच काढून टाकलं असतं तर खेळात उरलं काय असतं?

पडद्यामागचा माणूस

आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या गेममध्ये तर खेळाडूंच्या युती एकमेकींना अक्षरशः लुटतात. त्यात शॉन स्मिथ नावाचा खेळाडू 'व्हाइल रॅट' या नावाने एका बलाढ्य युतीचा राजदूत होता. त्याचं काम शत्रूंशी बोलत राहणं. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरी करायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातल्या बेनगाझीत झालेल्या हल्ल्यात तो मारला गेला. बातमी कळली तशी गेममध्ये ठिकठिकाणच्या अंतराळ स्थानकांची नावं बदलून त्याच्या नावाने श्रद्धांजली दिली गेली. त्यात त्याच्या विरोधकांचीही स्थानकं होती. रोज चॅटवर बोलणारा शत्रू हा शेवटी ओळखीचा माणूस झालेला असतो.

भावाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही पण मासे पकडायचे का?"

मासे नाही, पण पूर आणला. मात्र त्याआधी एक काम होतं. आवाजाची टिंगल करणाऱ्याने त्या मुलाची माफी मागितली, स्वतःच्या खऱ्या नावाने. हे झाल्याशिवाय पुराचा काही उपयोग नव्हता. अपमान माणसाचा झाला होता, पात्राचा नाही. मग 'कट्टा' नावाचं वेगळं चॅट उघडलं. तिथे कुणी राजा नाही, सेनापती नाही, परीक्षा, क्रिकेट, काहीही बोला. कट्ट्यावर कळलेली गोष्ट खेळात वापरायची नाही. देखरेखीला दोन्ही राज्यांतला एकेक जण. आणि हल्ला करायचा तर समोरच्या खेळाडूला आधी विचारायचं.

पुरात अलीकडच्यांकडे होड्या होत्या, पलीकडच्यांकडे धान्य. पहिले दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. भाऊ तोंड पाडून फिरत होता. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या एका वैद्यबाईने लिहिलं, की मुलांना ताप आहे, एक होडी मिळेल का? तो वैद्यबाईचं पात्र करणारा नागपूरचा मुलगा तोच, ज्याच्या आवाजाची टिंगल झाली होती. होडी गेली. तिच्याबरोबर कोण जाणार यावरच चाळीस मेसेज झाले.

परवा रात्री अकरा वाजता भावाच्या खोलीतून आरडाओरडा आला. धावत गेले.

"ताई, त्यांनी आमची होडी चोरली!"

इतका खूश मी त्याला महिन्याभरात पाहिला नव्हता.