ताऱ्यांचा जमाखर्च मांडणारी बिआट्रिस

नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड हलवणं तुम्हांआम्हांला का नवं आहे? बिआट्रिस टिन्स्लीही अशीच १९६३ साली न्यूझीलंडहून अमेरिकेत डॅलसला आली. दोघंही भौतिकशास्त्र शिकलेली. पण नोकरी त्याला होती, हिला नव्हती. मग हिनं काय करावं? तीनशे किलोमीटरवरच्या ऑस्टिनला विद्यापीठात नाव घातलं नि दर आठवड्याला ये-जा सुरू केली! १९६६ साली प्रबंध पुरा झाला, त्याच साली मुलगा दत्तक घेतला. दोन वर्षांनी मुलगी.

प्रबंधाचा विषय होता दीर्घिका. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. सर्वांत मोठ्या दीर्घिकांचं तेज कायम सारखंच असतं, असं धरून मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ त्यांची अंतरं काढीत. मंद दिसली की लांबची, असा हिशेब. बिआट्रिस म्हणे, तारे जन्मतात, म्हातारे होतात, विझतात. मग दीर्घिकेचं तेज तेवढंच कसं राहील? शिवाय लांबच्या दीर्घिकेचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला अब्जावधी वर्षं लागतात, म्हणजे आपल्याला दिसतं ते तिचं तरुणपणचं रूप! किती तारे जन्मले, किती विझले, वायू किती उरला, हा सगळा जमाखर्च तिनं संगणकावर मांडला. ॲलन सँडेजसारख्या बड्या शास्त्रज्ञाला तो पटला नाही. आज मात्र दीर्घिकांचा अभ्यास याच वाटेनं चालतो.

डॅलसच्या विद्यापीठानं खगोलशास्त्र विभागाची आखणी तिच्याकडून करून घेतली. तिनं तिथल्या प्रमुखपदासाठी अर्ज केला, तर त्याचं साधं उत्तरही आलं नाही. १९७४ साली तिला ॲनी कॅनन पारितोषिक मिळालं आणि त्याच साली संसार मोडला. मुलं वडिलांकडे राहिली, ती येल विद्यापीठात गेली.

वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली ना? माझ्याही पडली. पण असा एखादा पुरुष गेला असता, तर आपण मुलांचं विचारलं तरी असतं का? त्या मुलांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मात्र उरतोच. तो मला पुसून टाकता येत नाही.

१९७८ साली ती येलमधली खगोलशास्त्राची पहिली स्त्री प्राध्यापक झाली. त्याच वर्षी त्वचेचा कर्करोग निघाला. पुढे उजवा हात चालेना, तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला शिकली. शेवटचा लेख तिनं पाठवला आणि दहा दिवसांनी, २३ मार्च १९८१ ला, ती गेली. वय अवघं चाळीस. लेख नोव्हेंबरात छापून आला, जसाच्या तसा.